पलंगातली अळी

लोक मला अळ्यांचे फोटो पाठवतात. सकाळी दात घासून होईस्तोवर मोबाइलवर दोन-तीन येऊन पडलेले असतात. कुणाच्या तळहातावर पांढरी अळी, कुणाच्या चपलेवर, एकाने तर जेवणाच्या ताटलीत ठेवून काढलेला, शेजारी अर्धी पोळी. खाली एकच ओळ असते, ‘सर, ही कोणती?’ धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर काम केलं. ही गोष्ट एकदा नातेवाइकांना कळली की सुटका नसते. गोतावळ्यात मला तोंडावर ‘सर’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘किडा मास्तर’. पूर्वी मी या फोटोंना चटाचट उत्तरं द्यायचो. त्यात मला मोठी फुशारकी वाटायची. आता फोन उलटा करून ठेवतो.

लांब मिशांचा भुंगेरा ओळखायला काही लागत नाही. अंगापेक्षा लांब मिशा, कडक पाठ, पाठीवर ठिपके नाहीतर पट्टे. पुस्तक उघडा, चित्र जुळवा, झालं. खरी पंचाईत त्याच्या अळीची. तिला रंग नाही, नक्षी नाही, पंख नाहीत. पांढरट, मऊ, गाठीगाठीची, डोकं छातीत ओढून घेतलेलं आणि पुढे दोन काळे जबडे. शंभर जातींच्या अळ्या एका बशीत ठेवल्या तर घरच्यांना त्या सगळ्या एकच वाटतील. मग ओळखायचं कशावरून? बोगद्यातला भुसा जाड आहे का बारीक, डोकं लांबट आहे का आडवं, आणि मुख्य म्हणजे पाय. काहींना डोक्यामागे सहा पाय असतात, काहींना नसतात. असले तरी इतके बारके की चालायला त्यांचा काही उपयोग नाही, अळी पाठीपोटावरच्या फुगवट्यांनीच सरकते. पण त्या पायांवरून तिचं घराणं कळतं, आणि घराण्यावरून ती लाकडात कधी शिरली असेल ते कळतं. झाड उभं असताना, की त्याचं सामान होऊन गेल्यावर. हे सगळं मला पाठ होतं. पाठ होतं म्हणूनच पुढचं सांगताना मला तोंड लपवावंसं वाटतं.

माझी थोरली बहीण, अक्का, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली. तिच्या यजमानांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. कोरडवाहू शेती, बोलणं कमी. पण एका गोष्टीत त्यांचा शब्द गावात चालायचा, ती म्हणजे लाकूड. कुणाला दाराची चौकट करायची असो की बैलगाडीचं जू, लोक म्हणायचे, आबाला बरोबर घ्या. आबा फळीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, उन्हाकडे धरून बघायचे आणि ‘ले’ किंवा ‘नको’ एवढंच सांगायचे. त्यांचं ‘ले’ कधी चुकलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या बांधावर गावरान आंब्याचं जुनं झाड होतं. त्याला भिरूड लागली. भिरूड म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारी अळी, अशाच एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याची. खोडाच्या बुंध्याशी जाड जाड भुशाचे ढीग, साल फुगलेली, वरून डिंक. आबांनी छिद्रांत तार घालून पाहिली, रॉकेलचे बोळे कोंबून वरून माती लिंपली. शेवटी मला बोलावलं. मी सालीचा एक तुकडा उपटला, आत माझ्या अंगठ्याएवढी अळी होती, तिला हातात धरून अर्धा तास भाषण दिलं. आबा ऐकत उभे होते.

‘‘तोडी टाका, आबा,’’ मी म्हणालो. ‘‘हाई झाड आते वाचनार नही.’’

त्यांनी तोडलं. सॉ मिलवर दोन दिवस बसून एकेक फळी स्वतः निवडली. खालचा पोखरलेला बुंधा जळणात टाकला, वरच्या खोडातलंही ज्याच्यावर डाग दिसला ते बाजूला केलं. मिलवाला वैतागला की एवढं टाकून द्यायचं तर झाड आणलंच कशाला. उरलेल्या फळ्या आबांनी पत्र्याच्या शेडमध्ये मध्ये काड्या घालून रचल्या आणि दोन उन्हाळे वाळवल्या. दर पंधरा दिवसांनी पालटायचे. त्या फळ्यांचा त्यांना थोरल्या मुलीच्या लग्नासाठी पलंग करायचा होता.

आमच्याकडे पलंग मुलीकडून जातो. आता सगळे दुकानातला आणतात, प्लायवूडचा, वर गुलाबी गादी. आबांनी घरचा केला, गावच्या सुताराकडून, नक्षीबिक्षी काही नाही, पण उशाकडची फळी अशी गुळगुळीत की मांडवात आलेला प्रत्येक म्हातारा तिच्यावर हात फिरवून गेला. माझी भाची त्या पलंगासकट नशिराबादला गेली. सासर चांगलं होतं. जुनं दगडी घर, घरात जुनी सागवानी कपाटं, सासरे शांत, सासू जरा कडक, पण वाईट म्हणावी अशी नाही. हे मी मुद्दाम सांगतो. या हकिगतीत वाईट माणूस शोधायला निघालात तर शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबाल.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. आवाज दबका.

‘‘मामा, पलंगखाल पीठ पडस. रोज झाडस तरी पडस.’’

मी म्हटलं, फोटो पाठव. तिने पाठवला. फरशीवर पांढरट पिठाची बारीक ढिगुळी. मी उत्तर लिहिलं, ‘अळी आहे. पाहावं लागेल.’ आणि विसरून गेलो. तिकडे मात्र ते पीठ रोज सकाळी सासूच्या केरसुणीत येत होतं. पाहुणे आले की पलंगाखाली जुनं पातळ पसरावं लागे. दुपारी निजलं की आतून कुरकुर ऐकू यायची. भाचीला दिवस गेलेले होते, आणि अशा वेळी किडक्या पलंगावर तिने झोपू नये, असं कुणीतरी शेजारणीने सासूच्या डोक्यात घातलं. शब्दाला शब्द वाढत गेला. विहीणबाई फोनवर अक्काला म्हणाल्या, ‘‘कमी दिलं असतं तर चाललं असतं. किडकं कशाला द्यायचं?’’

ते वाक्य आबांना लागलं. गरिबीवरून बोलले असते तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. लाकडावरून बोलणं त्यांना सहन होईना. त्यांचं म्हणणं एकच, मी दिलेलं लाकूड चांगलं होतं. विहीणबाईंचं म्हणणं, मग हे पीठ काय आभाळातून पडतं? शेवटी व्याह्यांनीच तोड काढली. त्यांनी मला फोन केला, ‘‘सर, तुमचा या विषयात अभ्यास आहे. तुम्ही या, बघा, आणि काय ते सांगा. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य.’’ मला भाऊ म्हणणाऱ्या आबांनीही तेच म्हटलं होतं, ‘‘भाऊ देखी लेवो. मंग बोलसूत.’’

इतक्या वर्षांत नातेवाइकांत पहिल्यांदाच कुणी माझ्या विद्येला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी मनातून खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

जळगावच्या स्टँडवर आबा मला भेटले. ते पहाटेच निघाले होते. दाढी केलेली, कपडे परीटघडीचे, हातात पाण्याची बाटली. नशिराबादपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, ‘‘मी बठ्ठ्या फळ्या हाते देखेल शेतस, भाऊ.’’ एकूण एक फळी स्वतः पाहिली होती, असं त्यांना म्हणायचं होतं. मी ‘हं’ म्हटलं. खरं तर मनात मी तेव्हाच निकाल लावून टाकलेला होता. त्या झाडाला भिरूड होती, ती मीच दाखवली होती, झाड तोडायला मीच सांगितलं होतं. भिरूड लागलेल्या झाडाचा पलंग, त्यातून पीठ, दोन आणि दोन चार. म्हातारा माणूस, एखादी फळी नजरेतून सुटली असेल, असं मी धरून चाललो होतो.

पलंग अंगणात काढून ठेवलेला. सुताराने पटाशीने बाजूची लांब पट्टी फोडली. आत बोगदा, त्यात पीठ ठासून भरलेलं, मैद्यासारखं. पुढे अळी. करंगळीच्या एका पेराएवढी. घरातली सगळी माणसं गोल उभी. भाची दाराशी, पदर ओढून.

आता यातली एक साधी गोष्ट. अळी मारायची ती उकळत्या पाण्यात, क्षणभर, आणि मग स्पिरिटमध्ये ठेवायची. असं केलं की ती ताणून सरळ राहते, अंगावरची प्रत्येक खूण दिसते. तशीच स्पिरिटमध्ये टाकली तर आक्रसते, काळी पडते, आणि बारीक खुणा कातडीच्या घड्यांत दडून बसतात. पहिल्या वर्षाच्या मुलांकडूनसुद्धा मी हे घोकून घ्यायचो. पण मुलीला मूल होईपर्यंत मुलीकडच्या मोठ्यांनी तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आबा म्हणूनच स्वतःची बाटली घेऊन आलेले. एरवी मी ती रीत मानत नाही. त्या दिवशी मात्र आबा शेजारी उभे, विहीणबाईंचा चेहरा तसा, घरात भांडणाची हवा. जिथे प्यायला पाणी मागायचं नाही तिथे किडा उकळायला पाणी कसं मागू? त्यांच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यात? मला लाज वाटली. मी खिशातली सॅनिटायझरची बाटली काढली, काचेच्या नळीत थोडं ओतलं आणि अळी त्यात टाकली.

ती डोळ्यांदेखत आखडली. मी नळी उन्हाकडे धरली, दुसऱ्या हाताने भिंग डोळ्याला लावलं. डोकं आत गेलेलं, छातीच्या घड्या एकमेकींवर चढलेल्या. पाय दिसले नाहीत. नुसते दिसले नाहीत. पण ‘दिसले नाहीत’ आणि ‘नाहीत’ यांतला फरक मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो होतो, आणि त्या अंगणात तो मला आठवला नाही.

मागून विहीणबाई हळूच कुणाला तरी म्हणाल्या, ‘‘मामाच आहेत, भाचीकडूनच बोलणार.’’

तेवढं पुरलं. मला दाखवून द्यायचं होतं की मी कुणाकडून बोलत नाही. ही अळी मी आधी ओळखायला हवी होती, आणि मी तिच्याऐवजी स्वतःची ओळख पटवून द्यायला लागलो. वर्गात बोलतो त्या आवाजात सांगितलं, ‘‘ही भिरूड आहे. पूर्ण वाढलेली नाही, म्हणून लहान दिसते. ही वाळलेल्या, रंधा मारलेल्या लाकडाला लागत नाही. हिची अंडी झाड उभं असताना सालीत घातली जातात. म्हणजे ती झाडातूनच आली.’’

व्याह्यांनी मान खाली घातली, त्यांनाही हे ऐकायचं नव्हतं. आबा पुढे झाले.

‘‘भाऊ, नीट देखं ना?’’

मला राग आला. भाचीच्या सासरच्या माणसांपुढे, माझ्या विषयात, आबांनी मला विचारावं! मी म्हणालो, ‘‘आबा, माझं आयुष्य यात गेलंय.’’

 आबांनी टोपी काढली, व्याह्यांपुढे आणि विहीणबाईंपुढे हात जोडले. ‘‘मनी चूक व्हयनी,’’ म्हणाले. ‘‘भाऊ सांगस ते खरं व्हई.’’ विहीणबाई गोंधळून ‘अहो, असू द्या, असू द्या’ म्हणायला लागल्या. एका माणसाने चूक कबूल केली, आता वाद मिटला, असं मला वाटलं. परतताना मी जळगावच्या स्टँडवर कचोरी खाल्ली. आबांनी काही घेतलं नाही.

वाद काही मिटला नाही, त्याला नुसतं नाव मिळालं. पलंग परत आला. बाजाराचा दिवस होता, पिकअप गाडी चौकातून गेली, सगळ्यांनी पाहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ‘तिकडे नको’ म्हणून भाचीला पाठवलं नाही. आबा नातवाला पाहायला गेले ते दवाखान्यात, तासभर, आणि आले. गावात लाकडासाठी त्यांना कुणी बोलावेनासं झालं. कुणी बोलावलं तरी तेच म्हणायचे, ‘‘माले नही समजत रे भो.’’ धाकटीच्या लग्नात लोखंडी पलंग दिला, तोही तिच्या काकाने जाऊन आणला. आणि तो आंब्याचा पलंग त्यांनी पुढच्या होळीत घातला. स्वतः फळ्या सुट्या करून, एकेक उचलून नेली. अक्का सांगत होती, शेवटची उशाकडची फळी टाकायच्या आधी त्यांनी तिच्यावर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

मधे एकदा भाचीने फोनवर सहज सांगितलं की आता सासूबाईंच्या जुन्या सागवानी कपाटाच्या पायाशीही तसंच पीठ पडतं. मी क्षणभरसुद्धा थांबलो नाही. ‘‘पलंगातून पसरलं असेल,’’ म्हणालो. माझ्या या एका वाक्याने कपाटाचा दोषही आबांच्या डोक्यावर गेला. पुढे त्या घरात जे जे किडलं ते आबांनी दिलेल्या पलंगामुळे किडलं.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मी प्रयोगशाळेतल्या बाटल्या आवरत होतो. कॉलेजची तपासणी व्हायची होती म्हणून नवी सूक्ष्मदर्शकं आलेली, बरी होती. लेबल नसलेल्या नळ्यांत ती नशिराबादची नळीही सापडली. सॅनिटायझर कधीच उडून गेलेलं, अळी सुकून काळी. फेकणारच होतो. पण आयुष्यभराची सवय, लेबल नसलेली वस्तू ओळखल्याशिवाय फेकवत नाही. कोमट द्रावणात दिवसभर भिजत ठेवली. ती हळूहळू फुगली, घड्या सुटल्या. दुपारी तासाला जायच्या आधी मी ती बशीत पालथी घातली आणि डोळा लावला.

सहा पाय होते. खसखशीच्या दाण्याहून बारके, टोकाला इवलंसं नख. डोक्यामागे दोन, दोन, दोन. डोकं लांबट नव्हतं, आडवं होतं. जबडे आखूड आणि गोल. माझ्या पुस्तकात या अळीचं पान आहे, मीच तिथे पेन्सिलने रेघ मारलेली आहे. ही वाळलेल्या लाकडातली. हिची मादी रंधा मारलेल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या सामानाच्या फटींत अंडी घालते. जुन्या घरांतल्या कपाटांत, चौकटींत तिच्या पिढ्या निघतात. आणि घरात नवीन लाकूड आलं की त्यात जाते. तिचा भुसा मैद्यासारखा असतो, बोगद्यात ठासून भरलेला. भिरुडीचा जाड, काड्याकाड्यांचा, बाहेर टाकलेला. तो मैदा मी त्या अंगणात दोन बोटांत चोळून पाहिला होता. फोटोतही पाहिला होता. सगळं समोर मांडलेलं होतं, पाय सोडून दिले तरी. आबांच्या फळ्या चांगल्या होत्या. किडा त्या घरातला होता.

मी तासाला गेलो नाही. स्टुलावर बसून राहिलो. मला रडू आलं असं सांगितलं तर बरं वाटेल ऐकायला, पण तसं काही झालं नाही. मला स्वतःची किळस आली. अळीची इतक्या वर्षांत कधी आली नाही, ती त्या दुपारी माझीच मला आली. एक पातेलं पाणी मागायची लाज वाटली म्हणून मी एका माणसाला आयुष्यभरासाठी खोटं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिरपूरची गाडी धरली, तिथून वरच्या गावाची. नळी आणि भिंग रुमालात गुंडाळून खिशात. आबा ओसरीवर तुरी निवडत बसले होते. बरेच वाळलेले दिसले. मी पाणी घेतलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. पाणी उकळलं नाही ते सांगितलं, विहीणबाईंच्या बोलण्याने मला चेव आला ते सांगितलं, कपाटाचंही सांगितलं. अक्का आतून येऊन दाराशी उभी राहिली होती. आबांनी हात पुढे केला. मी भिंग दिलं, नळी दिली, कुठे बघायचं ते दाखवलं. त्यांनी ती उन्हाकडे धरली. बघायची पद्धत तीच, फळी बघायचे तशी. बराच वेळ.

‘‘दिखतस,’’ म्हणाले. ‘‘सहा शेतस.’’

अक्का फुटली. मला जे बोलायचं ते बोलली, मी ऐकून घेतलं. मग आबांना म्हणाली, ‘‘ऊठा. आत्तेच नशिराबाद चाला. बठ्ठास्ना समोर सांगू द्या याले.’’ मी तयारच होतो. मी म्हणालो, आबा, चला, मी विहीणबाईंच्या पाया पडून सांगतो, गावात चौकात उभा राहून सांगतो, म्हणाल तिथे.

आबांनी नळी माझ्या हातात परत दिली. ‘‘नको,’’ म्हणाले.

‘‘नको काय?’’ अक्का ओरडली.

‘‘पोरले तर मुळीच नको सांगजो,’’ ते मला म्हणाले. मग सावकाश, मधे थांबत बोलले. तिला तिथेच राहायचं आहे. सुरुवातीला तिने फार सोसलं, मग तिने मनाशी ठरवून टाकलं की बापाची चूक झाली, आणि बापाला माफ करून ती त्या घरात रमली. आता सासू तिच्या हातचं खाते, पोरगा शाळेत जातो. आज तिला कळलं की बापाने काही केलं नव्हतं, तर ती कुणावर रागावेल? सासूवर, नवऱ्यावर, त्या घरावर. आणि राहायचं तर त्याच घरात. ‘‘तिनी माले माफ करी टाकं, भाऊ. आते ते तसंच ऱ्हाऊ दे.’’

मी म्हणालो, ‘‘आबा, पण तुमचं काही चुकलेलं नाही.’’

‘‘माले समजनं ना,’’ ते म्हणाले. ‘‘तुले समजनं. बस.’’

अक्का रडत आत गेली. आबा पुन्हा तुरी निवडायला लागले. मी थोडा वेळ बसलो, मग माझ्यासाठी चहा आला, तो प्यायलो. निघताना ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले, गाडी येईस्तोवर थांबले, पावसापाण्याचं बोलले. मला त्यांनी एक वाकडा शब्द ऐकवला असता तर मी त्यांचा जन्माचा ऋणी झालो असतो.

मी कुणाला सांगितलं नाही. हे लिहितानाही कुणाचं नाव येऊ दिलेलं नाही, आणि भाची असलं काही वाचत नाही हे मला माहीत आहे. दर दिवाळीला तिचा फोन येतो. मुलाचं सांगते, घराला नवीन फरशी बसवली ते सांगते. माझं आबांकडे जाणं कमी झालंय हे तिच्या लक्षात आलंय, आणि पलंगाच्या वेळी माझी मान खाली गेली म्हणून मी अजून त्यांच्यावर नाराज आहे, अशी तिने समजूत करून घेतली आहे. यंदाही फोन ठेवायच्या आधी तिने आवाज खाली घेतला.

‘‘मामा, आबासवरना राग आते सोडी द्या. त्यासनी मुद्दाम नही करं. मानूसनी चूक व्हई जास.’’

मी म्हणालो, ‘‘सोडला, बाई.’’